आजीचं परडं

बेळगावच्या आमच्या जुन्या घरामागे परडं होतं. न्हाणीचं पाणी वाहून जाई तिथे आजीनं अळू आणि कर्दळ लावली होती. वेगळं पाणी घालावं लागत नसे. अळूची पानं शेजारच्या कन्नड काकूंकडेही जात. त्या त्याला ‘केसू’ म्हणत. पारिजातकाची फुलं जमिनीवर पडलेली असली तरी देवाला चालतात, म्हणून पहाटे ती वेचायचं काम आम्हा मुलांचं. केशरी देठ आजी वाळवून ठेवी. त्यांचा रंग निघतो.

आज तिथे गाड्या लागतात. पण अळूचा कंद गॅलरीतल्या कुंडीतही रुजतो. मुलांनो, तुमच्या आजीच्या परड्यात काय काय होतं, ते तिला आजच विचारा. झाड पुन्हा लावता येतं. नावच विसरलं, तर मागायचं काय?