विद्यार्थ्याचा महिना आणि शेताचे वर्ष

महाविद्यालये सुरू झाली की विद्यार्थ्यांना काटकसरीचे धडे देण्याचा हंगामही सुरू होतो. घरून आलेल्या रकमेचे खोली, खाणावळ, पुस्तके व प्रवास असे भाग पाडावेत, चहा-मोबाईलवरील खर्च आवरावा, हिशेबाची वही ठेवावी, हा उपदेश चुकीचा नाही. परंतु त्यामागे एक गृहीत दडलेले असते. घरी पहिल्या तारखेस पगार येतो आणि मुलाकडे दरमहा ठरावीक रक्कम पोहोचते, हे ते गृहीत होय. बीड जिल्ह्यातील किती घरांना ते लागू पडेल?

येथील बहुसंख्य कुटुंबांचे आर्थिक वर्ष महिन्यांनी नव्हे, हंगामांनी मोजले जाते. सोयाबीन व कापसाचा पैसा दसरा-दिवाळीपासून पुढे हाती येतो आणि तोही पाऊसपाणी झाले तर. ऊसतोडणीस जाणाऱ्या जोडप्याला मुकादमाकडून उचल मिळते ती गाळप हंगामापूर्वी. जून-जुलै हे महिने मात्र सर्वांत ओढाताणीचे. बी-बियाणे व खतांची खरेदी, आणि मुलाचे प्रवेशशुल्क, खोलीची अनामत व खाणावळीची आगाऊ रक्कम ही सर्व देणी एकाच वेळी दारात उभी राहतात. विद्यार्थ्याचा खर्च मासिक, घरचे उत्पन्न हंगामी. या दोहोंमधील अंतर उसनवारीने भरले जाते. शिवाय उचल हे उत्पन्न नव्हेच, ते पुढील श्रमांवर काढलेले कर्ज होय. त्यातून मुलाच्या हाती ठेवलेले पैसे आईबापांना हंगामभर कोयता चालवून फेडावयाचे असतात.

या उसनवारीची किंमत लहान नसते. दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने घेतलेले ३,००० रुपये सहा महिन्यांनी परत करताना ५४० रुपये अधिक मोजावे लागतात. चहा सोडून वाचविलेला पैसा असा व्याजात जिरतो. म्हणजे प्रश्न उधळपट्टीचा कमी आणि वेळेचा अधिक आहे. वेळ चुकली की मुलगा अभ्यास सोडून कामास लागतो आणि मुलीला घरी बोलावले जाते. ती पुष्कळदा परत येत नाही.

शासकीय साहाय्याकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या व जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्यास भोजनासाठी २५ हजार, निवासासाठी १२ हजार व निर्वाहासाठी ६ हजार, असे वर्षाला ४३ हजार रुपये तीत ठरविण्यात आले. दहा महिन्यांत विभागल्यास दरमहा ४,३०० रुपये होतात. हिशेब समजण्यासारखा आहे. परंतु सत्र उलटल्यावर हाती आलेला हप्ता विद्यार्थ्याच्या ताटात पडत नाही, तो थकबाकीत वळता होतो. ज्यांच्या नावाने ही योजना आहे, त्या डॉ. आंबेडकरांना १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील शिक्षणासाठी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. त्यातील आकड्याइतकेच ‘दरमहा’ या शब्दालाही महत्त्व आहे.

उपाय असाध्य नाहीत. निर्वाहाची रक्कम जुलैपासून दर महिन्याच्या ठरावीक तारखेस बँक खात्यात जमा व्हावी. विद्यार्थी मध्येच शिक्षण सोडील अशी भीती असेल, तर दरमहाचा हप्ता उपस्थितीशी जोडता येईल. एकरकमी वाटपात ती सोय नाही. महाविद्यालयांनी शुल्काचा मोठा हप्ता दिवाळीनंतर घ्यावा, ‘कमवा व शिका’ योजनेतील मोबदला महिन्याच्या महिन्यास द्यावा, आणि अध्यापक व माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून बिनव्याजी साहाय्यनिधी उभारावा. विद्यार्थ्यांनीही एक नियम पाळावा. हाती आलेली रक्कम चालू महिन्याची न मानता, पुढील रक्कम येईपर्यंत जितके महिने जावयाचे, तितक्यांनी ती भागावी आणि आजारपण व परीक्षाशुल्क यांसाठी थोडा भाग प्रथमच बाजूस काढावा.

काटकसर हा सद्गुण खराच. परंतु ती करण्यासाठी हाती वेळेवर काही पडावे लागते. तेवढी व्यवस्था न करता विद्यार्थ्याच्या वहीतील चहाचे पैसे मोजीत बसणे, हे अर्थशास्त्रही नव्हे आणि न्यायही नव्हे.