आरोग्यचिंतन : विरजण आणि वार्धक्य

आमच्या वडोदऱ्याच्या घरी आत्याबाईंच्या जेवणात ताकाची वाटी नाही, असा दिवस उगवत नाही. वय वर्षे ८२. मागील हिवाळ्यात डॉक्टरांनी फ्लूची लस सुचविली, तेव्हा त्या ठामपणे म्हणाल्या, "मला लस कशाला? मी रोज ताक पिते!" पुढे महिनाभरातच फ्लूच्या तापाने त्यांना तीन आठवडे अंथरुणास खिळविले. मग ताकावरील त्यांची श्रद्धा खोटी म्हणावी काय?

ही श्रद्धा केवळ आपल्याच माजघरातील नव्हे. जंतूंना गिळंकृत करणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दल १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे एली मेचनिकॉफ यांनीही बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय आंबविलेल्या दुधाला दिले होते.

वार्धक्यात छातीतील थायमस ग्रंथी आक्रसलेली असते. त्यामुळे नव्या 'टी' पेशी फारच थोड्या निर्माण होतात. शरीरात मंद दाह धुमसत राहतो. रोगप्रतिकारक पेशींचा मोठा भाग आतड्यांच्या परिसरात वसत असल्याने तेथील जीवाणूंचा त्यांच्याशी नित्य संबंध येतो. उपकारक जीवाणू आतड्याचे अस्तर सुदृढ राखण्यास व या पेशींना जागे ठेवण्यास साहाय्य करतात, असे अभ्यासकांस वाटते. २००१ साली न्यूझीलंडमधील संशोधकांनी ३० निरोगी वृद्धांना विशिष्ट बिफिडोबॅक्टेरियम असलेले दूध दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील संरक्षक पेशींची तडफ वाढलेली दिसली.

परंतु पेशींची तडफ वाढणे आणि आजार टळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ब्रिटनमधील वृद्धाश्रमांतील ३१० रहिवाशांवर केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे जीवाणू रोज देऊनही संसर्गासाठी द्याव्या लागणाऱ्या प्रतिजैविकांची गरज घटली नाही. गुण जीवाणूच्या वाणावर व मात्रेवर अवलंबून असतो. घरच्या विरजणात कोणते वाण किती आहेत, हे कोण सांगणार? शिवाय कढी उकळली की ते जीवाणू मरतात.

म्हणून वाचकांनी ताक सोडावे असे मुळीच नाही. पचेल त्याने ते अवश्य घ्यावे. त्यातून प्रथिने व कॅल्शियमही मिळते. मात्र त्याला लसीचा पर्याय मानू नये. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी अतिशय क्षीण झाली आहे, त्यांनी जीवाणूंच्या पुड्या वा गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत; अशा रुग्णांत क्वचित तेच जीवाणू रक्तात शिरल्याचे आढळले आहे.

यंदा आत्याबाईंनी ताकाला जाऊन भांडे लपविले नाही. स्वतःच म्हणाल्या, "चला, ती लस टोचून घेऊ." घरी परतल्यावर मात्र पहिली हाक दिली ती सूनबाईंना, "ताक घुसळलंस का गं?"