दुसरी ब्रँच टाकायचीय? आधी तीन दिवस दुकानात जाऊ नका!



"सर, दुसरी ब्रँच कधी टाकू?" ट्रेनिंगमध्ये मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मी उलट विचारतो, "मोबाइल बंद करून तुम्ही तीन दिवस गावाला गेलात, तर पहिलं दुकान चालेल का?" बहुतेक जण नुसतेच हसतात. म्हणजे उत्तर त्यांना माहीत असतं.

माझं उत्तरही तेव्हा "नाही" असंच होतं. तरी मी ब्रँच टाकली.

पेणला माझं पॅकिंगच्या सामानाचं दुकान आहे. खोके, टेप, बबल रॅप, दोरी. गणपतीच्या कारखान्यांमुळे सीझन जोरात जायचा. एका वर्षी गल्ला चांगला झाला आणि मी तोच पैसा डिपॉझिट म्हणून भरून रोह्याला दुसरं दुकान घेतलं. सकाळी दिवा-रोहा गाडी पकडायची, संध्याकाळी परत पेण. दोन्हीकडची पोरं प्रत्येक भावासाठी, प्रत्येक उधारीसाठी मला फोन करायची. मला वाटायचं, बघा, माझ्याशिवाय पान हलत नाही! प्रत्यक्षात गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळायचं आणि शेवटी दुसऱ्या दुकानात जायचं.

चौदा महिन्यांत रोह्याचं दुकान बंद केलं. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण पेणच्या दुकानात सहा वर्षं असलेला मुलगा सोडून गेला ते जास्त लागलं. जाताना म्हणाला, "दादा, तुम्ही चावी दिलीत, पण दहा रुपये कमी करायचा हक्क कधी दिला नाहीत." माझ्याकडे बीबीएची डिग्री होती, पण लीडरशिपचा खरा धडा त्या दिवशी मिळाला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: तुम्ही किती दुकानं उघडलीत, यावर तुमचं नेतृत्व मोजू नका. वाईट महिन्यातही माणसं आणि गिऱ्हाईक टिकतात का, यावर मोजा.

याचं उदाहरण आपल्या पेणमध्येच आहे. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना आल्या, त्यांत पीओपीच्या मूर्तींना मनाई होती. त्याच वर्षी कोरोनामुळे सरकारने सार्वजनिक मूर्तींना ४ फूट आणि घरगुती मूर्तींना २ फुटांची मर्यादा घातली. पुढे ३० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सूचना कडकपणे पाळायला सांगितलं. आता हमरापूर, जोहे, कळवे भागात काम वर्षभर चालतं. म्हणजे जानेवारीत माल तयार होऊन पडलेला होता. ९ जून २०२५ ला न्यायालयाने मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी दिली, मात्र नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. मधले चार महिने कारखानदारांनी कसे काढले असतील, विचार करा.

त्या काळात माझ्या दोन गिऱ्हाइकांचं वागणं मी जवळून पाहिलं. एकाने पहिल्याच आठवड्यात कामगारांना बसवून सांगितलं, "एवढा माल आहे, एवढे पैसे आहेत, एवढे महिने पगार निघेल. काही जण शाडूच्या कामाला लागा." शाडूची मूर्ती जड, सुकायला वेळ लागतो, सांभाळावी लागते. पण थोडं शाडूकाम त्यांनी आधीपासून चालू ठेवलं होतं. दुसरे म्हणत राहिले, "होईल काहीतरी." जूनमध्ये परवानगी आली, पण डोळ्यांची आखणी करणारे त्यांचे कारागीर तोवर दुसरीकडे लागले होते. त्यांचा कारखाना उघडा होता, माल पडून होता, पण डोळे काढणारा हात नव्हता!

यातून आणि माझ्या चुकीतून मी चार सवयी लावून घेतल्या.

१. अधिकार लिहून द्या. माझ्या काउंटरवर कागद चिकटवलाय: ५ टक्क्यांपर्यंत सूट आणि २००० रुपयांपर्यंत उधारी, मला न विचारता. तुम्ही म्हणाल, "पोरं फसवतील." म्हणूनच मर्यादा लिहायची आणि पुढची सवय पाळायची.

२. शनिवारचा हिशोब. अर्धा तास, तीन आकडे: गल्ला, येणं उधारी, शिल्लक माल. पोरांना सोबत घेऊनच. आणि मालकाने स्वतःचा पगार ठरवून घ्यायचा. गल्ल्यातून लागेल तसे पैसे उचलणाऱ्याला धंदा कमावतोय की नाही, हे कधीच कळत नाही.

३. एकाच सीझनवर उभं राहू नका. निम्म्याहून जास्त धंदा एका मालावर किंवा एका गिऱ्हाइकावर असेल, तर ब्रँचचा विचार बाजूला ठेवा. मी आता पापडवाल्या ताईंना आणि पोह्यांच्या गिरण्यांनाही पिशव्या, खोके देतो. गणपतीइतका नफा नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकानाचं भाडं निघतं.

४. वाईट बातमी आधी तुम्ही सांगा. पगाराला उशीर होणार, माल येणार नाही, भाव वाढणार, जे असेल ते. माणसाला बाहेरून कळलं की तो दुसरी सोय बघायला लागतो आणि त्यात त्याची चूक नसते.

रील्सवर सगळे सांगतात, "भीती सोडा, मोठी उडी मारा." उडी मारायला माझा विरोध नाही. पण ती उडी तुमची असते आणि पडल्यावर पगार मात्र पोरांचा थांबतो. तेवढं लक्षात ठेवून पाऊल टाका.

या आठवड्याचा होमवर्क सोपा आहे. एक दिवस दुकानात जाऊ नका आणि कोणत्या कामासाठी किती फोन आले, ते लिहून काढा. तीच तुमची यादी. त्यातलं एकेक काम दर महिन्याला दुसऱ्याच्या हातात द्या. फोन यायचे थांबले, की मग रोह्यातच काय, कुठेही जागा बघा. मीही पुन्हा बघतोय. या वेळी डिपॉझिट भरायच्या आधी तीन दिवस मोबाइल बंद ठेवणार आहे.