घरातला पडदा आणि उठून जाणारा प्रेक्षक

परवा रात्रीची गोष्ट. जेवणे आटोपली होती आणि आमचे सारे घर चित्रपट पाहायला बसले होते. चित्रपट मल्याळम, दिग्दर्शक जिओ बेबी, नाव ‘द ग्रेट इंडियन किचन’. २०२१ च्या जानेवारीत आलेला हा चित्रपट मी तेव्हाच एकट्याने पाहिला होता आणि भेटेल त्याला त्याची शिफारस करत सुटलो होतो. घरच्यांनी तो एकत्र बसून पाहावा, हा आग्रहही माझाच.

चित्रपट शंभर मिनिटांचा. तेवढ्या वेळात सौ. चार वेळा उठली. एकदा दूध तापवायला, एकदा विरजण लावायला, एकदा मटकी भिजत घालायला. चौथ्यांदा उठली ती माझ्यासाठी. पडद्यावरची नवी सून सासऱ्यांच्या हातात दात घासायचा ब्रश नेऊन देत होती आणि त्याच वेळी मी, “जरा पाणी आण गं,” म्हणालो. माझ्या ते ध्यानातही आले नाही. सूनबाईच्या आले. तिने रिमोट उचलून चित्रपट थांबवला आणि शांतपणे म्हणाली, “आई येईपर्यंत थांबू या.”

त्या दोन मिनिटांच्या थांबलेल्या पडद्याकडे पाहताना जे सुचले, ते हे टिपण.

माझ्या पिढीला चित्रपटावर बोलायची सवय लावली ती फिल्म सोसायट्यांनी. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात ज्या चळवळीची मुहूर्तमेढ रोवली, ती मुंबईपर्यंत आली आणि १९६८ साली प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. आम्ही रशियन, जपानी, इटालियन चित्रपट पाहत असू आणि नंतर चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद घालत असू. त्या वादांबद्दल मला आजही अभिमान आहे. पण माझ्यापुरते सांगायचे तर त्या टपरीवरच्या आमच्या घोळक्यात बायका जवळजवळ नसत. स्त्रीच्या दुःखावरचा चित्रपट पाहून आम्ही रात्री साडेदहाला घरी पोचायचो, तेव्हा ताट झाकून ठेवून कोणीतरी जागे असायचे. त्या जागणाऱ्या व्यक्तीचे चित्रपटाबद्दल काय मत आहे, हे विचारल्याचे मला स्मरत नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि चित्रपट घरात आला. शनिवारी मराठी, रविवारी हिंदी. ज्याच्या घरी संच त्याच्याकडे सारी चाळ. पुढे ऐंशीच्या दशकात भाड्याचा व्हिडिओ आला, मग केबल आली. आणि २०२० च्या मार्चमध्ये चित्रपटगृहांना कुलपे लागली, तेव्हा घर हेच चित्रपटगृह झाले. कुलपे निघाली, पण ती सवय बऱ्याच घरांत राहिली. त्याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. अंधारात शेकडो माणसांबरोबर हसण्यारडण्यातले सुख घरात मिळत नाही, हे मलाही मान्य आहे. पण हिशेबाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. केरळातल्या एका स्वयंपाकघराची कथा महाराष्ट्रातल्या दिवाणखान्यात येऊन बसते, हे चित्रपटगृहांच्या राज्यात घडले नसते. हा चित्रपट आधी एका लहानशा मल्याळम मंचावर आला. पाहणाऱ्यांनी एकमेकांना सांगितले, ते बोलणे वाढत गेले आणि मग मोठ्या मंचाने तो घेतला. २०२३ मध्ये त्याची तमिळ आवृत्ती निघाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ‘मिसेस’ या नावाने हिंदी. सामान्य प्रेक्षकाच्या मताला एवढे बळ पूर्वी क्वचितच होते.

प्रश्न आहे तो या मताच्या दर्जाचा. आज मत म्हणजे पाचपैकी किती तारे, किंवा एक शब्द. ‘बघ’, ‘सोड’, ‘स्लो आहे’. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक घेऊन आला आणि पुढच्या वर्षी घरोघरी उपलब्ध झाला. त्यातला शरद नेरुळकर रात्रीच्या निर्जन रस्त्यावर संथपणे मोटारसायकल चालवत माईंची व्याख्याने ऐकतो. हा चित्रपट आमच्या चिरंजीवांनी दीडपट वेगाने पाहिला! संयमावरची कथा घाईने संपवून तो मला म्हणाला, “बाबा, चांगला आहे, पण लांबलाय.” गंमत अशी, की त्याच चित्रपटात शरद आपल्या गाण्याखाली अनोळखी माणसांनी लिहिलेले शेरे वाचत बसतो. कोणीतरी दोन ओळी खरडतो आणि एका माणसाची वर्षानुवर्षांची साधना त्या दोन ओळींपुढे उभी राहते. मत देणाऱ्याचे काहीच खर्ची पडत नाही, ही आजच्या मतप्रदर्शनातली खरी अडचण आहे.

‘मिसेस’ आल्यावर हेच दिसले. पुरुषांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका संघटनेने जाहीर आक्षेप घेतला. घरच्यांसाठी चार पोळ्या लाटण्यात कसला आला छळ, असा सूर अनेक पुरुषांनी लावला. त्यांना उत्तर द्यायला केंद्र सरकारची २०१९ ची वेळ-वापर पाहणी पुरेशी आहे. बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७ मिनिटे. तेही जे पुरुष असे काम करतात त्यांची सरासरी, आणि असे पुरुष शंभरात २६. स्त्रिया शंभरात ८१. म्हणजे ज्या चित्रपटावर हा वाद, तसे तीन चित्रपट लागोपाठ पाहावेत एवढा वेळ ती बाई रोज स्वयंपाकघरात आणि मोरीपाशी असते. चित्रपटावर मत द्यायला तिने तो पाहायचा कधी?

इथे घरच्या पडद्याचा एक छुपा अन्याय लक्षात येतो. चित्रपटगृहात तिकीट काढून बसलेली बाई तीन तास केवळ प्रेक्षक असे. तिथे कुकरची शिटी ऐकू येत नसे आणि कोणी तिला पाणी मागत नसे. घरात मात्र चित्रपट तिच्या कामाच्या जागेवर लागतो. आपण सुटीवर असतो, ती पाळीवर. आणि मग चर्चेच्या वेळी, ज्यांनी सलग पाहिला त्यांचेच मत घराचे मत ठरते.

त्या रात्री चित्रपट संपल्यावर मी नेहमीप्रमाणे बोलू लागलो. कॅमेरा कसा स्वयंपाकघर सोडत नाही, पात्रांना नावे का नाहीत, गळक्या नळाच्या घाण पाण्याचा शेवटी कसा उपयोग केला आहे, वगैरे. सूनबाईने मध्येच विचारले, “आई, तुम्हाला कसा वाटला?”

“मला काय विचारतेस, मी अर्धाच पाहिला,” सौ. म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, “पण त्या सासूचं काय गं? ती मधेच मुलीकडे जाते, बाळंतपणासाठी. सगळे म्हणतात सून सुटली. सासू एका स्वयंपाकघरातून निघून दुसऱ्यात गेली, तिच्याबद्दल कोणी काही बोलत नाही.”

मी या चित्रपटावर जेवढे वाचले आणि बोललो, त्यात ही गोष्ट मला सुचली नव्हती. अर्धा चित्रपट पाहिलेल्या बाईला ती दिसली, कारण उरलेला अर्धा ती स्वतः आत उभी राहून जगत होती.

चित्रपट-संस्कृती वाढवायची तर महोत्सव हवेत, संग्रहालये हवीत, लहान गावांत चांगली चित्रपटगृहे हवीत. हे सारे मी आजवर लिहीत आलो. त्या यादीत आता एक साधी गोष्ट घालतो. घरी चित्रपट लावण्यापूर्वी दूध कोणी तापवायचे, विरजण कोणी लावायचे हे ठरवावे. पुढच्या रविवारी आम्ही हाच चित्रपट पुन्हा लावणार आहोत. मटकी मी भिजत घालणार आहे.