छाट कोणी काढावी?

आमच्या सोलापुरात ‘छाट’ हा शब्द शाळेतल्या पोरालाही कळतो. पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत दुपारच्या वेळी डोकावून पाहा. उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका तुम्हांला दिसतील. भिजवलेले तेंदूचे पान कात्रीने बेताचे कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, दोरा बांधायचा आणि तोंड मुडपायचे. असे हजार वेळा केले म्हणजे दिवसाचे काम झाले. मग तो माल घेऊन कारखान्यात जायचे. तिथे तपासनीस बसलेला. तो जुडी उचलतो, बोटांत फिरवतो आणि पसंत न पडलेल्या विड्या बाजूला टाकतो. ही छाट. बाईचा श्रम गेला, मजुरीला कात्री लागली आणि वर ‘नीट वळत जा’ हा उपदेश फुकट!

विडी ही चीज वाईट, हे मला मान्य आहे. ती कोणी ओढू नये. पण ओढणाऱ्याच्या छातीचा प्रश्न वेगळा आणि वळणारीच्या मजुरीचा प्रश्न वेगळा.

हा शब्द गेल्या दिवाळीत मला अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटला. आमच्या शेजारच्या अव्वांनी चाळीस वर्षे विड्या वळल्या. त्यांची नात पुण्याला सॉफ्टवेअरच्या कचेरीत आहे. सणाला ती घरी आली होती. मी फराळाला गेलो, तर पोरगी गाल फुगवून बसलेली.

“काका, आम्ही सात जण आहोत,” ती म्हणाली. “आमची तुकडी स्वतःचा कारभार स्वतः करते, असं कागदावर लिहिलंय. कोणी काय करायचं, कसं करायचं, आमचं आम्ही ठरवायचं. पण केलेलं काम तपासणार मात्र साहेब. आणि चूक सापडली की तिची नोंद पगारवाढीच्या हिशेबात!”

अव्वा करंजीला मुरड घालत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याकडेबी छाट हाय म्हण की!”

त्या एका वाक्याने माझी झोप उडवली. म्हणून हा लेखप्रपंच.

माझे म्हणणे आधीच रोखठोक सांगून टाकतो. जी तुकडी आपले काम आपण चालवते, तिचे काम तिच्यातल्याच माणसांनी तपासावे. ज्याने केले त्याने नव्हे, तर उद्या ज्याला त्याच कामावर पुढचे काम रचायचे आहे त्याने. आणि ज्याच्या हातात पगाराची वही आहे, त्याच्या हातात तपासणीचा चष्मा कदापि देऊ नये. मी स्वतः आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. तेव्हा तपासनिसांच्या जातीशी माझे काही जन्मजात वैर नाही, हेही नमूद करतो.

छाटीचा इतिहास काय सांगतो, पाहा. 1966 साली केंद्र सरकारने विडी कामगारांसाठी कायदा केला. हा कायदा पुढे 2020 च्या श्रमसंहितेत सामावला गेला. त्याखाली महाराष्ट्राने जे नियम केले, त्यांत एक विलक्षण कलम घालावे लागले: छाट सामान्यतः शेकडा 5 पेक्षा अधिक काढू नये, आणि कामगाराने जाणूनबुजून हयगय केली नसेल, तर छाटलेल्या विडीचीही निम्मी मजुरी द्यावी. वाईट मालाचे प्रमाण किती असावे, हे सरकारला का ठरवावे लागले? कारण उघड आहे. नापसंत विडीची मजुरी वाचली तर ती मालकाची वाचते, आणि पसंत-नापसंत ठरवणारा मालकाचाच माणूस. ज्याच्या पदरात माप पडायचे त्याच्याच हाती तराजू! अशा ठिकाणी तपासनीस देवमाणूस असला, तरी त्या तराजूवर कोणाचा विश्वास बसणार?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. विडी का बिघडते? कधी वळणारीची बोटे दमतात, हे खरे. पण कधी पानच किडके, भोके पडलेले येते, आणि किडक्या पानाची विडी सरस्वतीने वळली तरी छाटीतच जायची! हे वळणाऱ्या बाईला ठाऊक असते, तिच्या शेजारणीला ठाऊक असते. तपासनिसाच्या नजरेला फक्त विडी दिसते. पान कोणी दिले, हा प्रश्न त्याच्या टेबलावर येतच नाही. वरून झालेली तपासणी नेहमी हातापाशी येऊन थांबते. बरोबरीच्या माणसाने केलेली तपासणी पानापर्यंत पोचते. पुण्याच्या त्या कचेरीतही असेच असणार. काम अर्धवट सांगितले, मुदत निम्मी दिली, ही किडकी पाने. ती साहेबांनीच दिलेली असतील, तर साहेब ती कशाला छाटतील?

संगणकाच्या दुनियेतल्या जाणत्यांना हे कळले नव्हते असे नाही. आयबीएम कंपनीत मायकेल फेगन यांनी प्रोग्राम तपासण्याची एक शिस्तशीर पद्धत बसवली आणि 1976 साली ती प्रसिद्ध केली. तपासणार कोण, तर बरोबरीचे सहकारी. आणि सापडलेल्या चुकांवरून माणसाची लायकी मोजू नका, अशी ताकीदही त्यांनी दिली. पुढे 2001 साली अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा जाणकारांनी ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा काढला. आपली घडी आपण बसवणाऱ्या तुकडीच्या हातूनच उत्तम रचना निघते, हे त्यांच्या तत्त्वांपैकी एक. आमच्या कचेऱ्यांनी नाव उचलले, तत्त्व मात्र तिकडेच ठेवले.

सोलापूर हे मागांचे गाव, म्हणून मागाचाच दाखला देतो. जपानात साकिची टोयोडा यांनी 1924 साली असा स्वयंचलित माग सिद्ध केला, की धागा तुटला की तो आपोआप थांबे. त्यांच्या घराण्याच्या मोटारींच्या कारखान्यात पुढे साध्या कामगारालाही दोरी ओढून अख्खी रांग थांबवण्याचा अधिकार मिळाला. खोट निघाली तिथेच, त्याच क्षणी पकडायची. चादर विणून, घडी घालून, गठ्ठ्यात बांधल्यावर धागा तुटल्याचे सांगणाऱ्या तपासनिसाचे काय लोणचे घालायचे?

आता विरुद्ध पक्षाचे ऐकू. ते म्हणतील, “अहो, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे! घरच्याच माणसांनी तपासले तर सगळेच पास.” हा आक्षेप पोकळ नाही. ‘तू माझे बघ, मी तुझे बघते’ असा सौदा होतो, मी तो शिक्षकांच्या खोलीतही पाहिला आहे. पण त्यावर उपाय साहेब नव्हे. जोडी रोज बदलावी. नवख्यालाही जुन्याचे काम तपासू द्यावे. तपासणीला वेळ द्यावा आणि तो कामाचाच वेळ धरावा. मुख्य म्हणजे चुकीचा दंड नसावा. दंड असला की मैत्रीण चूक झाकते; दंड नसला की तीच मैत्रीण चूक दाखवते, कारण उद्या तिलाच त्यावर काम करायचे असते.

मग साहेबाने काय करावे? पान चांगले आणून द्यावे! काय बनवायचे ते स्पष्ट सांगावे, आणि माल चालतो की नाही हे वापरणाऱ्याला विचारावे. चादर उबदार आहे का, हे ती पांघरणाराच सांगणार.

शेवटचा प्रश्न राहतो तो विश्वासाचा. बायाबापड्यांना काय समजते, असे म्हणणाऱ्यांनी सोलापूरजवळ कुंभारीला एकदा जाऊन यावे. विडी कामगार बायकांनी लढून, सहकारी संस्था काढून तिथे 10,000 घरांची वसाहत उभी केली. गोदूताई परुळेकरांचे नाव तिला दिले आणि 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे ताब्यात मिळाली. ज्या बायका दहा हजार घरांचे गाव वसवू शकतात, त्यांना एक विडी बरी की वाईट एवढे कळत नाही?

त्या संध्याकाळी मी आणखी एक गोष्ट पाहिली. अव्वांच्या घरी चार घरच्या बायका चकल्यांना बसल्या होत्या. पहिल्या घाण्यातली चकली तोडून एकीने तोंडात टाकली आणि म्हणाली, “मोहन कमी पडलंय गं.” पीठ मळणारीने ते निमूट दुरुस्त केले. कोणी रागावले नाही, कोणी वहीत लिहिले नाही. दुसरा घाणा खुसखुशीत निघाला.

नातीने ती चकली खाल्ली आणि विचारले, “अव्वा, साहेबांना हे कसं सांगू?”

अव्वा म्हणाल्या, “डबा भरून दे. आधी खाऊ दे त्यास्नी, मग सांग.”