फळीवरचा डबा

मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघताना मी पिशवी भरली. अळीव, डिंक, खारीक, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, आणि सगळ्यात शेवटी औषधांच्या दुकानातून घेतलेला पावडरच्या दुधाचा ४०० ग्रॅमचा डबा. तिचं पोर अंगावरच पिणार हे ठरलेलं होतं. तरी म्हटलं, असू दे घरात. अडीअडचणीला लागतो.

डबा दहा दिवस ओट्यावरच्या फळीवर नुसता पडून होता. अकराव्या रात्री नात संध्याकाळपासून रडत होती. पाजलं की दहा मिनिटं शांत, खाली ठेवलं की पुन्हा सुरू. मध्यरात्र उलटली. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "आई, माझं दूध पुरत नाहीये गं." मी फळीकडे पाहिलं. पुढच्या पंधरा मिनिटांत नातीच्या पोटात ६० मिलीलीटर वरचं दूध गेलं आणि ती सलग चार तास झोपली.

सकाळी लेकीची छाती दगडासारखी घट्ट झाली होती, ताप आल्यासारखं अंग कसकसत होतं. पण त्याहून वाईट होता तिने काढलेला निष्कर्ष. "बघ, पोट भरल्यावर कशी झोपली. म्हणजे इतके दिवस उपाशीच होती." मीही मान डोलावली, याचं मला आजही वाईट वाटतं.

ती उपाशी नव्हती. दुसऱ्याच दिवशी लसीकरणाच्या खोलीतल्या सिस्टरांनी एकच गोष्ट आधी विचारली: दिवसाला लंगोट किती भिजतात? आठ. मग वजन केलं. जन्माचं २.९ किलो, घरी येताना २.७, आणि त्या दिवशी २.९५. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच. सात टक्क्यांपर्यंत फारशी काळजी नसते, दहाच्या पुढे गेलं तर डॉक्टरांना दाखवावंच लागतं, आणि दोन आठवड्यांच्या आत ते जन्माच्या वजनावर यायला हवं. पाचव्या दिवसानंतर सहा-सात लंगोट नीट भिजत असतील तर दूध पोटात जातंय. रडणं हे दुधाचं माप नव्हे. त्या वयाची बाळं संध्याकाळी तासन्‌तास छातीला लागून असतात, आणि तसं करूनच ती आईचं दूध वाढवून घेत असतात.

दूध टाकीत साठवल्यासारखं नसतं. जितकं निघेल तितकं नवं तयार होतं. आत साचून राहिलं तर शरीर समजतं की आता कमी लागतंय, आणि हात आखडता घेतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीची चुकलेली वेळ सगळ्यात महाग पडते. एका रात्रीने कायमचं काही बिघडत नाही. पण वरचं दूध दिलं, म्हणून अंगावरचं कमी झालं, कमी झालं म्हणून पुन्हा वरचं, हा फेरा फार लवकर बसतो. आणि प्रत्येक फेऱ्यात बाईला वाटतं, दोष आपल्याच अंगात आहे.

आपल्या कायद्याला हे ठाऊक आहे. १९९२ चा शिशुदुग्ध पर्यायांचा कायदा आणि २००३ ची त्यातली दुरुस्ती यांमुळे या डब्यांची जाहिरात करता येत नाही, आईला फुकट नमुने देता येत नाहीत, डब्यावर बाळाचं चित्रही छापता येत नाही. आईचं दूध सर्वोत्तम, असं डब्यावरच लिहावं लागतं. पण माझ्यासारखी आजी पिशवीतून तोच डबा घेऊन येते तेव्हा कुठला कायदा आड येणार? १९९० साली मी बाळंत झाले तेव्हा तिसऱ्या दिवसापासून वरचं दूध सुरू झालं होतं, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. माझी आई पाच मुलांना अंगावर पाजून वाढवणारी बाई. तिला विचारण्याऐवजी आम्ही डब्यावर विश्वास ठेवला. त्यामुळे माझ्या लेकीला रात्री बारानंतर सांगायला माझ्याकडे डब्याशिवाय काही नव्हतं.

मला वाटतं, खरी गोष्ट ही आहे. "असू दे घरात" म्हणून आणलेला डबा बहुतेक वेळा दुधाची उणीव भरत नाही, माणसाची भरतो. बाळ नीट तोंडात घेतंय का हे पाहणारं, आईला दोन तास झोपवून पोर खांद्यावर घेऊन फिरणारं, "हे असंच असतं, जाईल" असं छातीठोकपणे सांगणारं माणूस घरात नसतं, म्हणून डबा असतो.

डब्याची खरी गरज असते, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. आमच्या नात्यातल्या एका मुलीला बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, दूध उतरायला उशीर लागला, बाळाचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं आणि कावीळ वाढली. डॉक्टरांनी मोजून वरचं दूध सांगितलं, वाटी-चमच्याने, आणि सोबत दर तीन तासांनी पंपाने दूध काढायला लावलं. तीन आठवड्यांनी ते बाळ पूर्ण अंगावर पीत होतं. तिथे तो डबा औषध होता. तिला त्याची लाज वाटायला लावणाऱ्या बायकांचा मला राग येतो. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी इतर आयांनी दिलेल्या दुधाची पेढी सुरू केली, पण असं दूध मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांसाठी असतं. घरच्या बाळाला गरज पडली तर पावडरच हाताशी येते.

मग ती नीट हाताळावी. पावडर निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० अंशांच्या खाली जाण्याआधी, त्यात पावडर मिसळावी आणि दूध निववून पाजावं. पहिल्या दोन महिन्यांत तर हे फारच महत्त्वाचं. बनवलेलं दूध दोन तासांच्या आत संपवावं, उरलेलं ओतून द्यावं. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून मापात पाणी वाढवणं ही उपासमारच आहे. फोडलेला डबा महिनाभरापलीकडे ठेवू नये. याचा अर्थ असा की एका रात्रीसाठी फोडलेला डबा पुढचे तीन-चार आठवडे रोज "मला वापरा" म्हणत समोर बसतो. म्हणून ठेवायचाच असेल तर न फोडलेला ठेवा, आणि कधी फोडायचा हे दिवसा, डॉक्टरांशी बोलून, आधी ठरवा. रात्री दोन वाजता थकलेल्या माणसांनी ते ठरवू नये.

आमचा डबा मी तेराव्या दिवशी फळीवरून काढून टाकून दिला. लेकीचं दूध पुन्हा जमायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मी स्वयंपाक बाईंवर सोपवला आणि संध्याकाळी सहा ते अकरा नात आणि लेक यांच्याशेजारी नुसती बसून राहिले. २६ आठवड्यांची रजा संपून ती कामावर गेली तेव्हा फ्रीजमध्ये तिने स्वतः काढलेल्या दुधाच्या तारखा लिहिलेल्या बाटल्या होत्या.

पुढच्या महिन्यात नाशिकला माझ्या पुतणीचं बाळंतपण आहे. वहिनींनी सामानाची यादी मागितली. अळीव, डिंक, खारीक लिहिलं. शेवटच्या ओळीत त्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टरांचा नंबर लिहायला जागा सोडली, आणि त्याखाली माझा नंबर लिहिला. शेजारी कंसात: रात्री दोनलासुद्धा.