'सॅड' म्हणजे नुसतं दुःखी?

सातवीच्या वर्गात 'सॅड'चा अर्थ विचारला की सगळी मुलं एका सुरात म्हणतात, "दुःखी!" गाइडात तेवढंच छापलेलं असतं. मला हे पटत नाही. पेन हरवलेलं पोर हिरमुसतं, खेळात न घेतलेलं खट्टू होतं, घरात मयत झाली तर ते शोकात असतं. उर्दूतही रंजीदा वेगळा, ग़मगीन वेगळा.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत 'सॅड'चा अर्थ होता तृप्त, पोट भरलेला. त्यातून कंटाळलेला, जड, गंभीर आणि मग दुःखी. शब्द असे घर बदलतात. फारसीतला 'दिलगीर' उर्दूत उदासच राहिला. मराठीत आल्यावर मात्र माफी मागू लागला. रेल्वे स्थानकावर "आम्ही दिलगीर आहोत" ऐकून आमच्या उर्दू माध्यमातल्या एका मुलीला वाटलं होतं, गाडीला उशीर झाला म्हणून रेल्वेच उदास झाली! मी हसलो, पण तिचं तरी काय चुकलं?

चूक माझी झाली, ती वेगळीच. गेल्या वर्षी एका मुलाने वाक्यात उपयोग करताना लिहिलं, "माय होम इज सॅड." मी लाल पेनाने 'माय होम इज' खोडून 'आय ॲम' केलं आणि वही परत दिली. त्याच्या वडिलांचं काम गेलंय, हे मला दोन महिन्यांनी कळलं. घर उदास आहे असं उर्दूत आम्ही सर्रास म्हणतो. तरी मी अर्धा गुण कापला होता.